वाचकांचे प्रश्न : काळ्या दगडावर वसलेले पेद्रेगाल

गेल्या अंकात पश्चिम नागपुरातील जुन्या दगडी बंगल्यांविषयी लिहिताना मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातील 'हार्दिनेस देल पेद्रेगाल' या उपनगराचा मी दोनच ओळींत उल्लेख केला होता. तेथेही आपल्यासारखाच काळा दगड आहे आणि त्या दगडावर त्या शहरातील एक अतिशय श्रीमंत वसाहत उभी आहे, एवढेच त्यात म्हटले होते. त्या दोन ओळींवर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. पत्रांचा सूर पाहता विषय अर्धवट सोडणे योग्य होणार नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहे.

प्रश्न : आमच्या भागाचे नावच गिट्टीच्या खाणीवरून पडले आहे. आमच्या लहानपणी खाणीजवळ घर असणे कमीपणाचे मानले जाई. मग त्या देशातले श्रीमंत लोक दगडाळ माळावर राहायला कसे गेले? आणि तो दगड व आपला दगड खरोखर एकच आहे काय? (एक निवृत्त शिक्षक, गिट्टीखदान)

गुरुजी, दगड एकाच कुळातला आहे. वयात मात्र फार मोठे अंतर आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, आपले गिट्टीखदान हा सारा भाग दख्खनच्या बेसाल्टचा पूर्वेकडचा काठ आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. आपल्या घरापासून फार लांब नसलेल्या टाकळी येथे याच लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेले जीवाश्म रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अभ्यासले होते. पेद्रेगालचा बेसाल्ट त्या मानाने अगदी कालचा आहे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला आहुस्को पर्वताच्या उतारावर शित्ले नावाचा एक लहानसा ज्वालामुखी आहे. नाहुआत्ल भाषेत या शब्दाचा अर्थ बेंबी असा होतो. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी त्याचा उद्रेक झाला आणि जवळपास ८० चौरस किलोमीटर प्रदेश लाव्हाखाली गेला. त्याच लाव्हाने कुइकुइल्को येथील गोल पायऱ्यांच्या प्राचीन पिरॅमिडला चारही बाजूंनी वेढले. १९२२ मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ बायरन कमिंग्ज यांनी तेथे उत्खनन सुरू केले, तेव्हा मातीऐवजी गोठलेला दगड फोडत खाली जावे लागले.

आपल्याकडे लाव्हावर इतका काळ उलटला की वरचा थर झिजून त्याची काळी कसदार माती झाली आणि त्या मातीत विदर्भाचा कापूस पिकला. पेद्रेगालच्या लाव्हाला तेवढा वेळच मिळालेला नाही. तेथे माती म्हणजे भेगांमध्ये साचलेली मूठभर धूळ. दगडाला अजून लाटा आहेत, फुगे आहेत, वाहता वाहता थिजलेल्या दोरखंडासारख्या वळ्या आहेत आणि मध्येच आत शिरलेल्या गुहा आहेत. नांगर चालत नाही, गाडी जात नाही, विहीर खणता येत नाही. अशा लाव्हाच्या प्रदेशाला स्पॅनिश भाषेत 'मालपाईस' म्हणजे वाईट मुलूख म्हणतात. साप, विंचू आणि पळून आलेले गुन्हेगार यांचे ते ठिकाण, अशी त्याची जुनी ख्याती होती. लोक तेथून दगड फोडून नेत, वस्ती करीत नसत. म्हणजे आपल्या लहानपणी गिट्टीखदानला जी वागणूक मिळाली, तिच्याहूनही वाईट वागणूक त्या जमिनीला शतकानुशतके मिळाली होती.

तिच्याकडे वेगळ्या नजरेने प्रथम पाहिले ते चित्रकारांनी. दिएगो रिव्हेरा यांना हा काळा माळ इतका भावला की आपल्या संग्रहातील प्राचीन मूर्तींसाठी त्यांनी याच दगडाचे आनाउआकाल्यी नावाचे संग्रहालय जवळच बांधायला घेतले. पेद्रेगालमध्ये वस्ती व्हायची असेल तर ती कशी असावी, याविषयी १९४५ च्या सुमारास त्यांनी लेखी सूचनाही केल्या होत्या. त्या सूचना ज्यांनी मनावर घेतल्या ते लुईस बारागान. १९०२ मध्ये ग्वादालाहारा येथे जन्मलेले बारागान शिक्षणाने अभियंता होते आणि त्या काळात घरे बांधण्यापेक्षा जमिनीच्या व्यवहारात अधिक गुंतलेले होते. बुस्तामान्ते बंधूंच्या भागीदारीत त्यांनी या माळाचा मोठा पट्टा घेतला. नापीक म्हणून ती जमीन स्वस्त होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेक्सिकोत कारखानदारी वाढली, मध्यवर्ती शहर भरून गेले, हातात पैसा आणि दारात मोटार असलेला वर्ग तयार झाला आणि इन्सुर्खेन्तेस हा लांबलचक रस्ता दक्षिणेकडे सरकत आला. त्या वर्गाला शहराबाहेर, पण मोटारीच्या टप्प्यात, ऐसपैस जागा हवी होती. बारागान यांनी त्यांना नुसता प्लॉट विकला नाही. लोक ज्या दगडाला घाबरत होते तोच दगड त्यांनी विकायला काढला. आधी नमुन्याच्या बागा केल्या, लाव्हातच पायऱ्या कोरल्या, आर्मांदो सालास पोर्तुगाल या छायाचित्रकाराकडून त्या निर्जन काळ्या भूमीची देखणी छायाचित्रे काढवून घेतली आणि ती जाहिरातींत छापली. दगडाचे सौंदर्य बारागान यांना मनापासून दिसले होते, यात मला शंका नाही. पण हा धंदाही होता आणि तो उत्तम रीतीने केलेला होता, हेही तितकेच खरे आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. बारागान यांनी त्या वसाहतीसाठी नेमके कोणते नियम ठरवले होते, आणि आज त्यांतले काय उरले आहे? (लक्ष्मीनगर)

नियमांचे सार एका वाक्यात सांगता येते: दगड हलवायचा नाही, घराने जागा शोधायची. रस्ते पट्टी ठेवून सरळ आखलेले नव्हते. लाव्हा जिकडे वळला असेल तिकडे रस्ताही वळावा, असे ठरले. प्लॉट मोठाले ठेवले आणि घराने प्लॉटच्या दहाव्या हिश्शाहून अधिक जागा व्यापू नये, बाकी सारा दगड आणि त्यात उगवणारी झाडे तशीच राहावीत, अशी अट होती. रस्त्याकडील भिंती त्याच जागेवरच्या लाव्हाच्या दगडाने रचायच्या होत्या. घराची शैली आधुनिक हवी होती. कौलारू, वसाहतकालीन धाटणीची नक्कल चालणार नव्हती. रस्त्यांची नावे पुढाऱ्यांवरून न ठेवता त्या भूमीवरूनच ठेवली. फुएगो म्हणजे अग्नी, आग्वा म्हणजे पाणी, ल्युव्हिया म्हणजे पाऊस, क्रातेर म्हणजे ज्वालामुखीचे मुख. प्रवेशाच्या चौकात मथियास गेरित्स यांचे 'पेद्रेगालचा प्राणी' हे वळसेदार काँक्रीट शिल्प १९५१ मध्ये उभे राहिले.

तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून एक बारकावा मुद्दाम सांगते. जर्मनीतून आलेले वास्तुकार माक्स चेत्तो यांनी १९४९ मध्ये तेथे स्वतःचे घर बांधले. वसाहतीतील पहिल्या घरांपैकी ते एक. या घरात तळमजल्याची भिंत आणि बाहेरचा लाव्हा यांची सीमा चटकन सापडत नाही. रचलेला दगड कोठे संपतो आणि थिजलेला दगड कोठे सुरू होतो, हे पाहायला वाकावे लागते. बारागान यांनी १९५० च्या सुमारास पूर्ण केलेल्या प्रिएतो लोपेस घरात याच्या उलट युक्ती आहे. तेथे भिंती सपाट, भव्य आणि गुलाबी रंगाच्या आहेत, खिडक्या मोजक्या आहेत आणि त्या स्वच्छ भिंतींच्या पायथ्याशी काळा खडबडीत लाव्हा जसाच्या तसा येऊन थांबतो. एकाने घर दगडात मिसळले, दुसऱ्याने दगडासमोर उभे केले. नियम एकच होता, हे लक्षात घ्या; नियमाने कल्पनाशक्ती मारली जाते असे जे आपल्याकडे वारंवार म्हटले जाते, त्याला हे उत्तर आहे असे मला वाटते.

आता उरले काय, हा प्रश्न. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बारागान या उद्योगातून बाजूला झाले. त्यानंतर फ्रान्सिस्को आर्तिगास यांच्यासारख्या वास्तुकारांनी तेथे काचेची, हलकी, अतिशय सुंदर घरे बांधली. पण नियमांचा धाक हळूहळू सुटत गेला. जमीन महाग झाली तसे मोठे प्लॉट तुकड्यांत विभागले गेले. दहाव्या हिश्शाची अट मागे पडली. ज्या लाटा आणि वळ्या जपण्यासाठी सारा खटाटोप होता, त्या सुरुंगाने उडवून तेथे हिरवळ, तरणतलाव आणि तळघरातील वाहनतळ आले. नावाजलेली अनेक आधुनिक घरे पाडली गेली आणि त्या जागी एकाच फाटकाच्या आत दाटीने उभी असलेली घरे बांधली गेली. धरमपेठेत किंवा रामदासपेठेत सुधार प्रन्यासच्या लेआउटमधला जुना बंगला जाऊन फ्लॅट स्कीम उभी राहताना आपण पाहतो, त्यात आणि यात मुळीच फरक नाही. आंब्याचे झाड जाते तसा तेथे लाव्हा जातो. झाड पुन्हा लावता येते, लाव्हाचे तसे नाही.

भिंती मात्र टिकल्या, आणि त्याचे मला फारसे समाधान वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकांकडे गेले असताना मी त्या रस्त्यांवरून दोन दुपारी चालले. पदपथ अरुंद, माणसे जवळजवळ नाहीत आणि दोन्ही बाजूंना लाव्हाच्या उंच भिंती. त्यांवर विजेच्या तारा होत्या आणि कोपऱ्यावर रखवालदाराची चौकी. भिंतीपलीकडचे घर दिसतच नाही. बागेला आडोसा मिळावा आणि आत एकांत लाभावा म्हणून कल्पिलेली भिंत आज मुख्यतः भीतीसाठी उभी आहे.

सुदैवाने प्रिएतो लोपेस यांचे घर वाचले. एका कलासंग्राहकाने ते विकत घेऊन मूळ रंग आणि मूळ रचना परत आणली, आणि जुन्या तबेल्याच्या जागी लोकांना येऊन बसता येईल असे खानावळीचे व पुस्तकांचे दालन उघडले. शिवाय लाव्हाचा अस्सल माळ पाहायचा असेल तर वसाहतीच्या शेजारीच मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा परिसर आहे. तो याच दगडावर वसला, १९५२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि २००७ पासून तो जागतिक वारसा आहे. १९८३ मध्ये विद्यापीठाने आपल्या आवारातील काही लाव्हा-भूमी राखीव म्हणून घोषित केली. सुरुवातीला सुमारे १२४ हेक्टर असलेले हे क्षेत्र वाढत वाढत आज २३७ हेक्टर झाले आहे. श्रीमंतांनी अटी मान्य करून घेतलेली जमीन उरली नाही आणि सार्वजनिक संस्थेने राखलेली उरली, ही गोष्ट अभ्यासक्रमात शिकवली जावी इतकी महत्त्वाची आहे.

प्रश्न : अशा कठीण दगडावर घर असेल तर भूकंपात त्याचा फायदा होतो की तोटा? (सिव्हिल लाइन्स)

मेक्सिको सिटीत तरी फायदाच झाला. त्या शहराचा मध्यभाग जुन्या सरोवराच्या गाळावर उभा आहे. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर, प्रशांत महासागराच्या किनाऱ्याजवळ होते. तरीही तो मऊ गाळ थाळीतल्या पाण्यासारखा हलत राहिला, धक्के कित्येक पटींनी वाढले आणि मध्यवर्ती भागातील शेकडो इमारती कोसळल्या. त्याच वेळी विद्यापीठाच्या लाव्हावरील यंत्रांनी त्याच्या तुलनेत फारच सौम्य हालचाल नोंदवली. जी जमीन शतकानुशतके कोणी फुकट घेतली नसती, ती शहरातील सर्वांत सुरक्षित जमिनींपैकी एक ठरली, आणि पुढे तिचे मोल वाढण्यास ही जाणीवही कारणीभूत झाली असणार.

मात्र यावरून दगडी घर सुरक्षित असते, असा निष्कर्ष कृपया काढू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी माणसे दगावली, ती बहुतांशी चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीच सापडली होती. पाया दगडावर असणे ही एक गोष्ट आणि डोक्यावर दगड असणे ही अगदी दुसरी गोष्ट आहे.

प्रश्न : लेखात आपण बंगल्यांचे कौतुक केले, पण एवढा दगड फोडला कोणी? रस्ते, पाया, भिंती हे सारे कोणी केले आणि ती माणसे कोठे राहिली, हे कोणीच लिहीत नाही. (एक गृहिणी, महाल)

ताई, आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. गेल्या अंकात मी ते लिहायला हवे होते.

वसाहतीपासून विद्यापीठाच्या पलीकडे, पूर्वेला, कोयोआकान भागात त्याच लाव्हावर 'पेद्रेगाल दे सांतो दोमिंगो' नावाची दुसरी वस्ती आहे. दोघींच्या नावात पेद्रेगाल आहे, दोघींच्या पायाखाली शित्लेचाच दगड आहे. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये अगदी थोड्या दिवसांत हजारो कुटुंबे या मोकळ्या माळावर शिरली आणि दगडांच्या ओळी मांडून त्यांनी आपापल्या जागा धरल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या कमी काळात लोकांनी जमीन व्यापल्याची उदाहरणे लॅटिन अमेरिकेत फार थोडी आहेत. ओआहाका, ग्वेरेरो, मिचोआकान अशा गरीब प्रांतांतून शहरात आलेली ही माणसे होती. पुरुष बांधकामावर, स्त्रिया घरकामाला. ज्यांच्या हातांनी शहराचा दक्षिण भाग उभा केला, त्यांना त्यात भाड्याची खोलीही परवडत नव्हती.

डांबर लावलेल्या पुठ्ठ्याची छपरे, पाणी नाही, वीज तारेवरून ओढलेली, रस्ता नावालाही नाही. लाव्हाच्या लाटांवरून पाण्याचे डबे वाहून आणायचे. सांडपाणी भेगांत सोडले जाई, कारण गटार खणायचे तर दगड फोडावा लागे. मग तो त्यांनी फोडला. रविवारी गल्लीतील सगळ्यांनी मिळून काम करायचे, अशी पद्धत पडली. या सामूहिक श्रमाला तेथे 'फाएना' म्हणतात. आपण श्रमदान म्हणू. घण, पहार आणि जेथे इलाज नाही तेथे सुरुंग वापरून त्यांनी खळगे भरले, उंचवटे उतरवले, पाण्याच्या नळासाठी चर काढले. पुरुष आठवडाभर कामावर असल्यामुळे हे काम मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी केले, जागा सोडून न जाण्याची पहाऱ्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. मालकी हक्काचे कागद मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली.

सांतो दोमिंगोमध्ये एका घराच्या उंबऱ्यालगत मी लाव्हाचा गुडघाभर उंचवटा पाहिला. तो फोडायचा राहून गेला होता. त्यावर कुंड्या ठेवल्या होत्या आणि त्याच्या सपाट भागावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. घरातील आजीबाईंनी ओट्यावरचा दगडी खल दाखवला; तीन पायांचा, खडबडीत, त्याच जातीच्या काळ्या दगडाचा. त्यात टोमॅटो आणि मिरची रगडतात. मक्यासाठी वेगळा पाटा असतो, आपल्या पाट्यासारखाच, फक्त पाय असलेला. तो झिजून गुळगुळीत झाला की त्यालाही टाकी लावून घ्यावी लागते, हे ऐकून मला आमच्या दारावर येणारी टाकी लावणारी बाई आठवली. भाषा समजत नसताना त्या आजीबाई आणि मी बराच वेळ दगडावर हात फिरवत बसलो होतो.

दोन्ही वस्त्यांना आज जोडणारा विषय पाण्याचा आहे. भेगाळ लाव्हातून पावसाचे पाणी थेट खाली मुरते आणि शहराच्या भूजलात भर पडते. म्हणून जितका लाव्हा काँक्रीटखाली जाईल, तितके मुरणारे पाणी कमी होते. २०१६ मध्ये कोयोआकानमधील आस्तेकास रस्त्यावर एका मोठ्या निवासी संकुलाचा पाया खणताना भूजल उघडे पडले आणि ते पाणी वाहून जात असल्याचे पाहून शेजारच्या पेद्रेगाल वस्त्यांतील रहिवासी रस्त्यावर बसले. ज्यांच्या आईवडिलांनी घण चालवून हा दगड फोडला होता, तीच माणसे आता उरलेला दगड वाचवा म्हणत होती. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. त्यांनी राहण्यापुरता दगड फोडला होता आणि त्याची किंमत त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

तेव्हा पेद्रेगालचा इतिहास सांगताना बारागान यांच्यापाशी थांबणे अपुरे आहे, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न : 'पेद्रेगाल' या शब्दाचा अर्थ काय, आणि त्या दगडात काही उगवते का? (जरीपटका)

अर्थ सरळ आहे: दगडधोंड्यांची जागा, खडकाळ माळ. 'हार्दिनेस' म्हणजे बागा. म्हणजे पूर्ण नाव 'खडकाळ माळावरच्या बागा'.

उगवते, आणि भरपूर उगवते. निवडुंग आहेत, नेचे आहेत, भेगांच्या सावलीत ऑर्किड आहेत. त्यांतले मला आवडलेले झाड म्हणजे 'पालो लोको', शब्दशः वेडे झाड. पावसाळ्यात ते साधे हिरवे झुडूप असते. कोरड्या दिवसांत सगळी पाने गळून जाड, राखाडी फांद्या उरतात आणि नेमक्या तेव्हाच त्या उघड्या फांद्यांच्या टोकांना पिवळ्या फुलांचे गुच्छ येतात. सर्वांनी सावरून घ्यावे अशा ऋतूत फुलते, म्हणून वेडे. फाल्गुनात रामटेकच्या वाटेवर निष्पर्ण पळस पेटलेला पाहून ज्यांनी गाडी थांबवली असेल, त्यांना मी तेथे का थांबले असेन हे वेगळे सांगावे लागणार नाही.